होडकें, वारा आणि सोबत



सोलापूरच्या माणसानें समुद्रावरील नौकाविहाराविषयीं बोलावयास बसावें, हें ऐकून कोणाला हंसूं आलें तर त्यांत नवल नाहीं. ज्या गांवांत नळाला पाणी कोणत्या दिवशीं येणार याची चौकशी घरोघर होते, तेथें लाटांची चर्चा कोणी करावी? परंतु भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, तेव्हांपासून आपल्या जिल्ह्याच्या उशाशीं गोड्या पाण्याचा एक लहानसा समुद्रच येऊन राहिला आहे. यशवंतसागर हें त्याचें नांव. पुण्याच्या रस्त्यानें टेंभुर्णी ओलांडून भीमानगरजवळ आलें कीं धरणाची भिंत दिसूं लागते. आणि त्या भिंतीमागचा फुगवटा नदीच्या वरच्या अंगाला शंभराहून अधिक किलोमीटर पसरला आहे. हिंवाळ्यांत भिगवण-कुंभारगांवच्या बाजूला होडींत बसून रोहित पक्षी पाहून आलेलीं कुटुंबें आपल्यांत पुष्कळ असतील. सुटींत तारकर्लीला किंवा गोव्याला गेलेली तरुण मंडळी तर 'कयाक' नांवाच्या लांबट होडक्यांत बसून स्वतः वल्हीं मारून येते, आणि घरीं आल्यावर तेंच वर्णन आठवडाभर पुरवते.

आतां प्रश्न असा कीं, मुलगा किंवा मुलगी म्हणाली, "आम्ही चौघे-पांचजण मिळून पाण्यावर जाणार," तर घरांतील वडील माणसांनीं काय म्हणावें? २१ मे १९२४ नव्हे, अगदीं अलीकडे, २१ मे २०२४ रोजीं संध्याकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यांत वादळी वाऱ्यानें उलटली. सात माणसांपैकीं एक जण पोहत काठाला लागला; सहा जण दगावले. ती होडी हौशी सहलीची नव्हती, नेहमींच्या येण्याजाण्याची होती. तरीहि त्या दिवसापासून अनेक घरांत "पाण्याकडे फिरकूं नका" असा एकच नियम झाला असेल, तर त्यांत आश्चर्य नाहीं. पण ज्या जिल्ह्यांत एवढें पाणी आहे, तेथें हा नियम टिकणारा नाहीं. मुलें जाणारच, मग जाणतीं होऊन जावींत कीं अजाण राहून जावींत, एवढाच विकल्प उरतो. माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, पाण्यावरची सुरक्षितता अंगांतील धाडसावर किंवा होडक्याच्या किंमतीवर फारशी अवलंबून नसते. ती काठावर घेतलेल्या निर्णयावर आणि बरोबरच्या सोबतीवर अवलंबून असते. तें कसें, हें आज पाहूं.

प्रथम कयाक म्हणजे काय तें पाहूं. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा व अलास्का यांच्या गोठलेल्या किनाऱ्यांवर राहणाऱ्या इन्युइट लोकांचें हें शिकारीचें होडकें. त्यांच्या मुलुखांत होडीजोगें लांकूड फारसें उगवत नाहीं. म्हणून समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडांचा सांगाडा बांधावयाचा आणि त्यावर सीलचें कातडें ताणून शिवावयाचें, अशी त्यांची रीति. शिंपी अंगरखा बेततो तसें हें होडकें ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापानें बेतलेलें असे. वरून सगळें झांकलेलें, मध्यें कमरेपुरतें भोंक. त्यांत पाय पुढें पसरून बसावयाचें आणि दोन्ही टोकांना पातीं असलेलें एकच वल्हें आळीपाळीनें डावीकडे-उजवीकडे चालवावयाचें. होडकें उलटलें तर बाहेर न पडतां वल्ह्याच्या एका झटक्यानें पुन्हां सरळ होण्याची विद्याहि त्यांनीं साधली होती. ही हौस नव्हती, गरज होती. बर्फासारख्या थंड पाण्यांत पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटांत श्वास आवरत नाहीं, सुमारें दहा मिनिटांत हातांची बोटें निकामी होतात आणि तासाभरांत शुद्ध हरपूं लागते. म्हणूनच उत्तरेकडील किनाऱ्यांवर आजहि पहिला पाठ देतात तो हा कीं, कपडे हवेकडे पाहून घालूं नयेत, पाण्याकडे पाहून घालावे.

आजचें समुद्री कयाक प्लॅस्टिकचें किंवा काचतंतूंचें असतें. लांबी सुमारें पांच मीटर, रुंदी साठ सेंटिमीटरांच्या आसपास. पुढें व मागें पाणी शिरणार नाहीं असे बंद कप्पे, त्यामुळें मध्यें पाणी भरलें तरी तें बुडत नाहीं. आपल्याकडे भाड्यानें मिळतें तें बहुधा निराळ्या जातीचें, वरून उघडें आणि अधिक रुंद असतें. त्याच्या पोटांत नव्हे, पाठीवर बसावयाचें. तें उलटलें तरी आंत अडकण्याची भीति नाहीं, हा त्याचा गुण. वारा त्याला सहज ढकलून नेतो, हा त्याचा दोष.

शिकारीचें हें साधन हौसेचें झालें तें एकोणिसाव्या शतकांत. जॉन मॅकग्रेगर नांवाच्या वकिलानें १८६५ सालीं 'रॉब रॉय' नांवाच्या होडक्यांतून युरोपांतील नद्या व सरोवरें पालथीं घातलीं. पुढच्या वर्षीं त्याचें प्रवासवर्णन प्रसिद्ध झालें आणि इंग्लंडांत अशा होडक्यांची टूम निघाली. आपल्या किनाऱ्यालाहि या होडक्याची ओळख जुनी आहे. ऑस्कर स्पेक नांवाचा एक जर्मन तरुण १९३२ सालीं घडीचें कयाक घेऊन डान्यूब नदीवरून निघाला. हिंदुस्थानचा पश्चिम किनारा धरून १९३५ सालीं तो सिंहलद्वीपास पोहोंचला आणि १९३९ सालीं ऑस्ट्रेलियाच्या हद्दींत शिरला. म्हणजे आपल्या कोंकणासमोरून हें होडकें नव्वद वर्षांपूर्वींच गेलेलें आहे.

स्पेकसारखे एकटे वीर ऐकून मन भारावतें. पण त्याच १९३२ सालची दुसरी एक हकीकत तितकीच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. जिनो वॉटकिन्स हा इंग्रज संशोधक अवघा पंचवीस वर्षांचा. ग्रीनलंडच्या लोकांपासून कयाकची सारी विद्या, उलटून सरळ होण्यासकट, तो शिकला होता. २० ऑगस्ट १९३२ रोजीं तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. सोबत्यांना पुढें त्याचें रिकामें कयाक तरंगतांना सांपडलें. तो स्वतः कधींच सांपडला नाहीं. कौशल्य त्याच्याजवळ भरपूर होतें, उणीव होती ती जवळ दुसरा माणूस असण्याची. इंग्रज वल्हेकऱ्यांत एक जुना दंडक प्रचलित आहे, कीं तिघांपेक्षां कमी माणसांनीं कधीं पाण्यावर निघूं नये. तो या अर्थानें समजून घेतला पाहिजे.

सोबत म्हणजे केवळ गप्पांना माणूस नव्हे. समजा, तिघे मित्र निघाले आणि मधल्याचें होडकें उलटलें. खोल पाण्यांत, पायाखालीं कांहीं नसतांना, एकट्यानें पुन्हां होडक्यावर चढणें नवशिक्याला फार कठीण जातें. दोन प्रयत्नांत दम संपतो. आतां दुसरा मित्र जवळ येऊन उलटलेल्या होडक्याचें टोंक आपल्या होडक्यावर आडवें ओढून घेतो. आंतलें पाणी ओतलें जातें. मग तें सुलटें करून तो आपल्या होडक्याला समांतर धरून ठेवतो. दोन होडकीं शेजारीं शेजारीं घट्ट धरलीं कीं तीं तराफ्यासारखीं स्थिर होतात, आणि पाण्यांतील मित्र पाय मारीत आडवा वर चढून येतो. सराव असेल तर एवढें सारें दोन-तीन मिनिटांत उरकतें. तिसरा काय करतो? तो वाहून चाललेलें वल्हें गोळा करतो, वाऱ्यानें हे दोघे कोठें ढकलले जात आहेत तें पाहतो, आणि वेळ पडली तर शिटी वाजवून काठावरच्यांना बोलावतो. एकट्याचा घात होणाऱ्या प्रसंगाची तिघांत अशी नुसती हकीकत होते. अर्थात् यासाठीं काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यांत, मुद्दाम उलटून हा सराव आधीं केलेला असला पाहिजे.

सोबतीचा दुसरा नियम आपल्याला कोणी शिकवावयास नको. आषाढींत आपल्याच जिल्ह्यांतून दिंड्या पंढरीस जातात. दिंडींत ज्याच्या पायांत बळ आहे तो एकटा पुढें धांवत सुटत नाहीं. सारे मिळून चालतात, सारे मिळून थांबतात. होडक्यांच्या सहलीला हेंच लागू आहे. पुढें एक जाणता, शेवटीं एक जाणता, आणि वेग सर्वांत मंद माणसाचा. ज्या मंडळींत शर्यत सुरू झाली, ती मंडळी सोबत राहिली नाहीं. तीं सुटीं सुटीं होडकीं झालीं.

आतां वाऱ्याकडे वळूं. शांत पाण्यांत साधारण माणूस तासाला पांचएक किलोमीटर वल्हवीत जातो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. त्यामुळें तासाला दहा किलोमीटरचा वारा सुखाचा वाटतो, आणि पंचवीस-तीसचा समोरून आला कीं नवशिक्याचें होडकें जागचें हलेनासें होतें. लाट किती मोठी होणार, हें तीन गोष्टींवर ठरतें: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला किती लांब मोकळें पाणी मिळालें. सिद्धेश्वर तलावावर कितीहि वारा सुटला तरी त्याला धांवण्यास जागा नाहीं. उजनीवर किलोमीटरच्या किलोमीटर मोकळे पडलेले आहेत. त्यांतून उथळ पाण्यांतील लाटा आंखूड व उभ्या असतात आणि त्या होडक्याला एकामागून एक धक्के देतात. "समुद्र थोडाच आहे? धरणच तर आहे," असें म्हणणाऱ्यानें हें विसरूं नये.

वाऱ्याचा एक सापळा तर फारच फसवा. काठाकडून पाण्याकडे वारा वाहत असतो, तेव्हां काठाजवळचें पाणी आरशासारखें दिसतें. होडकें आपोआप पुढें सरकतें, मंडळी खुशींत येतात, आणि अर्ध्या तासानें मागें वळून पाहतात तों काठ दूर राहिला आहे व वारा आतां तोंडावर आहे. म्हणून नियम असा कीं जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे परततांना, थकलेल्या अंगानें, तोच वारा आपल्याला घरीं आणतो.

सोलापूरकडच्या उन्हाळ्यांत याहून मोठा धोका वळिवाचा. चैत्र-वैशाखांत दुपारपर्यंत जमीन तापते, तिसऱ्या प्रहरीं ढग उभे राहतात, आणि पावसाच्या आधीं त्या ढगाखालून थंड वाऱ्याचा लोट जमिनीवर आपटून चहूंकडे धांवतो. पहिला थेंब पडण्यापूर्वींच पाणी खवळतें. तें पाहून वल्हवूं लागलें तर उशीर झालेला असतो. म्हणून एप्रिल-मेमध्यें पाण्यावर जावयाचें तर उजाडतां जावें आणि ऊन चढण्यापूर्वीं काठाला लागावें. चाळीस अंशांच्या उन्हापासूनहि त्यानेंच बचाव होतो. विजेसाठीं एक सोपें गणित आहे. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारें तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत तीसहि अंक मोजून झाले नाहींत, तर ती दहा किलोमीटरांच्या आंत आहे. त्या वेळीं सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तु आपणच असतों.

उजनीचें पाणी आणखीहि एका कारणानें निराळें आहे. तें बुडालेल्या गांवांवर उभें आहे. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी उतरलें कीं वर येतें, हें आपणांस ठाऊक आहे. पण वर न येणाऱ्या भिंती, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे पाण्याच्या वीतभर खालीं दडलेले असतात, आणि त्यांची जागा दर महिन्याला बदलते, कारण पाण्याची पातळीच बदलते. उन्हाळ्यांत साठा 'उण्यांत' गेला कीं काठाला मऊ चिखलाचा पट्टा पडतो. त्यांत उतरलेला माणूस गुडघाभर रुततो. ठिकठिकाणीं मासेमारीचीं जाळीं लावलेलीं असतात. या सर्वांचा नकाशा एकाच ठिकाणीं मिळतो, तो म्हणजे तेथल्या मच्छीमारांच्या डोक्यांत. त्यांना विचारल्यावांचून निघूं नये, आणि तो "आज नको" म्हणाला तर वाद घालूं नये. पक्ष्यांचेंहि भान ठेवावें. रोहितांच्या थव्यांत होडकें घातलें तर थवा उडतो आणि आपल्याला छायाचित्र मिळतें. पण दूरवरून आलेल्या त्या पांखरांचें खाणें मोडतें.

उजनीवर वाऱ्याचा हिशोब पुरे होतो; कोंकणांत त्यांत भरती-ओहोटीची भर पडते. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे जावें तसतशी ती जोरकस होत जाते. मालवणाकडे पाणी सुमारें दोन-अडीच मीटर चढतें-उतरतें, तर मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवशीं तें चार मीटरांच्याहि वर जातें. केळवें-डहाणूकडे ओहोटीला पाणी इतकें मागें सरतें कीं सकाळीं जेथून होडकें लोटलें, तेथें दुपारीं नुसती वाळू व चिखल दिसावा. खाड्यांच्या तोंडाशीं हें सारें पाणी अरुंद वाटेनें आंत-बाहेर करतें, आणि त्या ओढीपुढें दोन हातांचें बळ चालत नाहीं.

याचाहि हिशोब आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद. भरतीची वेळ काढण्याची आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीति अशी कीं तिथीच्या अंकाला पाऊणानें गुणावें: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजतां भरती; पौर्णिमेनंतर पुन्हां प्रतिपदेपासून मोजावें. हा ठोकळ अंदाज आहे. नेमक्या वेळेसाठीं छापील कोष्टक पाहावें. तरी ज्या सोलापुरांतून दाते पंचांग निघून महाराष्ट्रभर जातें, तेथल्या घरांत निदान तिथीसाठीं तरी अडणार नाहीं! आणखी एक गोष्ट. सहा तासांत पाणी सारख्या वेगानें चढत नाहीं. एकंदर चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन आणि सहाव्यांत एक, असें तें चढतें. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्में पाणी हलतें. खाडींत वल्हवावयाचें तर ते दोन तास टाळावे. किनाऱ्यावरचा वाराहि दिनचर्येप्रमाणें वागतो: सकाळीं जमिनीकडून मंद, दुपारनंतर समुद्राकडून जोराचा. तारकर्ली-देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. नवशिक्यांनीं प्रथम नदीच्या शांत पात्रांत शिकावें, संगमापलीकडचा मोह पुढच्या खेपेसाठीं ठेवावा. आणि पावसाळा तर वर्ज्यच. १ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांची मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाल्यावर कोळी बांधव होड्या लोटतात. ज्यांचें पोट समुद्रावर आहे ते ज्या दिवसांत काठावर बसतात, त्या दिवसांत हौशी माणसानें पाण्यांत काय म्हणून जावें?

शेवटीं पुन्हां घरांतील प्रश्नाकडे येऊं. मुलांनीं परवानगी मागितली, तर सरसकट "नाहीं" म्हणण्यापेक्षां त्यांना पांच प्रश्न विचारावे. बरोबर कोण कोण आहे, आणि उलटलेलें होडकें सरळ करण्याचा सराव त्यांतील किती जणांनीं केला आहे? वारा कोणत्या दिशेचा आणि दुपारीं काय होण्याचा संभव आहे? लाइफ-जॅकेट प्रत्येकाला मापाचें आहे ना, म्हणजे खांद्याला धरून वर ओढलें तर कानांपर्यंत सरकत नाहीं ना, आणि तें अंगांत घालून बंद बांधणार ना? कारण तें काढून बैठकीखालीं उशीसारखें घेण्याची आपल्याकडे फार वाईट खोड आहे, आणि पाण्यांत पडल्यावर तें घालतां येत नाहीं. चौथा प्रश्न, तेथल्या मच्छीमारांना विचारलें का? आणि पांचवा, कोठून निघणार, किती वाजतां परतणार, आणि तोंवर न आलांत तर आम्हीं कोणाला कळवावयाचें, हें कागदावर लिहून ठेवलें का?

या प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर जाऊं द्यावें. इतकेंच नव्हे, निघतांना एक वाक्य मात्र स्पष्ट सांगावें: पाण्याशीं जाऊन वारा बरा वाटला नाहीं आणि होडकें न लोटतांच परत आलांत, तर घरांत कोणी हंसणार नाहीं. तरुण माणसें पुष्कळदां वाऱ्याला भीत नाहींत, मित्रांच्या हंसण्याला भितात. आणि "आज नको" हे दोन शब्द त्यांच्या तोंडांतून निघत नाहींत ते त्यामुळेंच. ती भीति काढून टाकणें वडील माणसांच्या हातीं आहे. काठावरून परत आलेली मंडळी पुढच्या रविवारीं पुन्हां जाऊं शकते. पाणी कोठें जात नाहीं, उजनी तेथेंच आहे.